इंगुनला डोंगर दाखवण्याचा बेत

शुक्रवार, ११ एप्रिल. ऑस्लो.
उद्यापासून ईस्टरची सुट्टी. सगळं ठरलंय. हार्डांगरच्या पठारावर, स्कीवरून, या हटवरून त्या हटवर, म्हणजे वाटसरूंसाठी बांधलेल्या लाकडी घरांत मुक्काम करत. मी, बायको ऑशिल्ड, मुलगी इंगुन आणि तिचा तो आस्गर.
आस्गर डॅनिश आहे. माणूस म्हणून तक्रार नाही. पण इंगुन ऑगस्टमध्ये त्याच्याबरोबर डेन्मार्कला राहायला जाणार म्हणते. कायमची. तिथे डोंगर नाही. टेकाडसुद्धा नाही. दुपारी जेवायला येणारा पाहुणा सकाळपासून दिसतो.
मी मुलांच्या निर्णयात पडत नाही. फक्त सहल ठरवली. हा गडी बर्फात उताणा पडलेला तिने चार दिवस पाहिला, की तिचं तिलाच कळेल. एकुलती एक पोर आहे माझी. ती गेली तर मी... असो. जातच नाहीये.
ऑशिल्डला म्हटलं, सहज ठरवलंय. ती म्हणाली, तुझ्या डोक्यात काय शिजतंय त्याचा वास समोरच्या बिल्डिंगपर्यंत येतोय.
निश्चय: डेन्मार्कबद्दल वाईट शब्द काढायचा नाही.

शनिवार, १२ एप्रिल.
मेणाची पेटी काढली. निळं, जांभळं, लाल, आणि ट्यूबमधलं चिकट. हवा बघून स्कीच्या तळाला कुठलं मेण लावायचं हे ज्याला कळतं तो चढ चढतो. बाकीचे घसरत मागे येतात. आमच्या घरात ते मला कळतं.
आस्गर नव्या स्की घेऊन आला. तळाला केसाळ पट्टी कंपनीतूनच चिकटवलेली. मेण लागतच नाही म्हणे! मी हसलो. मग शांतपणे समजावलं, की असा माणूस स्कीवर चालत नाही, त्याला सामानात धरतात. डेन्मार्कचं नाव काढलं नाही.
इंगुनकडेही तसल्याच स्की. मी तिच्या जुन्या, मेण लावायच्या स्की माळ्यावरून काढून ठेवल्या. ती चार वर्षांची असल्यापासून तिच्या स्कीला मेण मीच लावतो. तिने आधी आस्गरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, बरं बाबा, जुन्या घेते.
पहिला विजय.

रविवार, १३ एप्रिल. पठारावर.
ट्रेनमधून उतरलो. लख्ख ऊन. जांभळं मेण लावलं. अचूक! इंगुन आणि मी पुढे, पाखरासारखे.
आस्गर पडला. पुन्हा पडला. उतारावर तर बसूनच आला. पण प्रत्येक वेळी स्वतःच हसत सुटतो. मग इंगुन हसते. मग त्याला उठवायला मागे जाते. हे बेतात नव्हतं.
दुपारी वाऱ्याच्या आडोशाला बर्फात खड्डा खणून रेनडियरच्या कातड्यांवर बसलो. संत्री खाल्ली. खड्डा आस्गरने खणला. लहानपणी समुद्रावर वाळूत खणायचो म्हणाला. खड्डा बरा होता. जाणारे-येणारे थांबून कौतुक करत होते. लोकांना काय, कशाचंही कौतुक.

सोमवार, १४ एप्रिल. हट.
इथे राखणदार नसतो. लाकडं आपण फोडायची, बर्फ आपण वितळवायचा, भांडी आपण घासायची. कितीही माणसं आली तरी परत कुणाला पाठवायचं नाही. मी जमिनीवर झोपलो. पाठ धरलीय.
सकाळी उठलो तर लाकडं फोडून रचलेली. पाणी भरलेलं. आस्गर केर काढत होता. बर्गनच्या एक आजीबाई म्हणाल्या, मुलगा गुणाचा आहे हो तुमचा. मी म्हटलं, मुलगा नाही, आणि तो डॅनिश आहे. त्या म्हणाल्या, अरेरे, पण तरी गुणाचा आहे.
इंगुनला लाकडांच्या खोपीमागे एकटीला गाठलं. म्हटलं, तिकडे हिवाळाभर नुसता पाऊस असतो, आडवा. ती म्हणाली, बाबा, झालं तुझं सुरू? मी काही सुरू केलं नव्हतं. हवामान सांगणं म्हणजे वाईट बोलणं नव्हे.
उद्या मोठा चढ. उद्या फरक दिसेल.

मंगळवार, १५ एप्रिल. सकाळ.
पारा शून्यावर. बर्फ ओला. अशा दिवशी भलेभले गोंधळतात. मी नाही. चिकट मेण!
ते मधासारखं असतं, फक्त निघत नाही. माझ्या मोज्यांना लागलं, मिशीला लागलं, ब्रेडला लागलं. ईस्टरला आमच्याकडे सगळेच खूनकथा वाचतात, ऑशिल्डच्या खूनकथेची शेवटची पानं एकमेकांना चिकटली. खून कुणी केला ते आता तिला कळणार नाही. ती म्हणाली, पुढचा कोण करणार ते मात्र कळलंय.
इंगुनच्या स्कीलाही भरपूर लावलं. आस्गर आपला पट्टीवर. बिचारा.

तोच दिवस. दुपार. हटमध्ये परत, आडवा.
निघालो आणि कोरडा, ताजा बर्फ पडायला लागला. हवामान खात्याने हे सांगायला हवं होतं.
चिकट मेणाला कोरडा बर्फ धरतो. आधी चपाती, मग वीट, मग उंबरठा. मी चढावर उभा, पायांखाली वीतभर उंच बर्फ, पुढे नाही, मागे नाही. मला खिळल्यासारखं झालं. शेजारी इंगुन तशीच खिळलेली. आस्गर आमच्याभोवती घिरट्या घालत सुरीने आमच्या स्की खरवडत होता. ऑशिल्ड म्हणाली, हात दाखवून अवलक्षण! (तिने स्वतःचं मेण गुपचूप स्वतःच लावलं होतं. इतकी वर्षं संसार केला या बाईबरोबर.)
आस्गर म्हणाला, टोरलाइव्ह, वेळेवर मागे फिरण्यात लाज नाही. आमच्या डोंगरातला आमचा नियम! इथे पोराटोरांनाही पाठ असतो. तो मला एका डॅनिश माणसाने ऐकवावा? मी म्हटलं, तो नियम नवख्यांसाठी आहे. आणि जोर करून पाय उचलला. बर्फाची वीट एकाच स्कीची सुटली. ती स्की निघाली. दुसरी राहिली. गुडघा मधल्यामध्ये.
हट तिथून दिसत होती. आजीबाई खिडकीतून हात हलवत होत्या. आस्गर जाऊन हटमधली जखमींना न्यायची घसरगाडी घेऊन आला. मला कातड्यात गुंडाळलं, पट्टे आवळले आणि त्याने ओढत आणलं. एकदाही पडला नाही. रस्ता मी सांगत होतो.

बुधवार, १६ एप्रिल.
गुडघा भोपळ्याएवढा. हटमध्ये जो येतो तो विचारतो, कुठलं मेण लावलं होतं? गुडघ्याची चौकशी एकानेही केली नाही. मी सांगतो. ते माना हलवतात.
बाकीच्यांना फिरायला पाठवलं. इंगुन थांबली. चुलीत लाकूड घालत म्हणाली, बाबा, तू एकदा तरी विचारलंस का, मी तिथे काय करणार आहे?
मी म्हटलं, विचारलं असेल की. विचारलं नव्हतं. मग विचारलं.
ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवणार आहे. अगदी लहान मुलांना. त्यांच्या हातवाऱ्यांची भाषा तिने वर्षभर शिकली, घरी, आमच्याच ऑस्लोत, माझ्या नाकासमोर. मला दोनचार खुणा करून दाखवल्या. सांगताना तिचे गाल लाल झाले होते. मी ऐकत राहिलो. मध्ये एकदाही बोललो नाही, हे इथे मुद्दाम नोंदवतो.
मग मला रडू आलं. तिला म्हटलं, धूर झालाय, चिमणी साफ नाही. ती म्हणाली, हो बाबा, धूर आहे. आणि माझा हात धरून बसली.
तरी अजून ऑगस्टला वेळ आहे. मे, जून, जुलै. गुडघा बरा झाला की एक पायी सहल काढता येईल. मेणाचा प्रश्नच नाही.

गुरुवार, १७ एप्रिल.
बचाव पथकाचा माणूस स्नोस्कूटर घेऊन आला. त्यानेही आधी मेणाचंच विचारलं. स्टेशनपर्यंत स्कूटरच्या मागे जोडलेल्या घसरगाडीत, कानटोपी डोळ्यांवर ओढून. कुणी ओळखलं नाही. आजीबाईंनी निघताना नावाने हाक मारून निरोप दिला, तेवढं सोडलं तर.

रविवार, २० एप्रिल. ईस्टर. घर.
पाय उशीवर. कोकराचं मटण झालं. आस्गरने भांडी घासली. मी म्हटलं, राहू दे. तो राहू देईना.
जेवणानंतर इंगुन माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. म्हणाली, बाबा, ऑगस्ट नाही. शाळेला माणूस लगेच हवाय. पुढच्या रविवारी निघतोय. सहलीच्या आधीच ठरलं होतं. आस्गरच मला म्हणाला होता, आधी बाबांची सहल होऊ दे, मग सांग, त्यांचा आनंद घालवू नकोस. त्याला थंडी मुळीच सोसत नाही, रोज पाय बधिर व्हायचे त्याचे. पण तुझ्याबरोबर एकदा डोंगरात यायचंच होतं आम्हाला. जाण्याआधी.
मी म्हटलं, छान झालं. छान झाली सहल.
मग आस्गरला हाक मारली. म्हटलं, बस इथे. तो बसला. पाय कसे आहेत विचारलं. तो म्हणाला, बरे आहेत.