फुटलेला मोदक

मुलुंड, संकष्टी, जेवणं झाल्यावर

आईला आज रक्त चढवावं लागलं नाही! नवं औषध लागू पडतंय. डॉक्टर मागे म्हणाले होते, हाडांतल्या मज्जेत रक्तपेशी भरपूर तयार होतात, पण बाहेर पडण्याआधीच स्वतःला संपवतात. मी घरी येऊन रडले. आई म्हणाली, "म्हणजे तुझे मोदकच गं. वळतेस झकास, उकडताना फुटतात!"

आज मोदक तिनेच वळले, धाप न लागता. तरी एक फुटलाच. मी तो पटकन लपवायला गेले. कसला शकुन मानत होते मी? तिने पाहिलंच. "अगं, बाकीचे बघ ना!"

चंद्र दिसल्यावर फुटलेला तिने स्वतःच्या पानात घेतला. वर तूप, जरा जास्तच.