सगळ्यांना ‘बदका’

३ मार्च
आज पुन्हा! भट्टीवरचा मुकादम टॉफ्ट कागद घेऊन आला आणि सगळ्या कारकुनांसमोर मला म्हणाला, “एवढी सही ठोक की गं, बदका.” मी या कारखान्याची कर्मचारी अधिकारी. कॉलेजात शिकले ती काय बदक व्हायला?

खरं तर इथे सगळेच बदक. बाईला बदका, बाप्याला बदका, बसच्या कंडक्टरला बदका. लाडाने अशी हाक मारायची, ही आमच्या कपबश्या बनवणाऱ्या इंग्लिश गावाची रीतच. कँटीनची एथेल मला ‘फुला’ म्हणते — ते मात्र मला आवडतं. मग राग नक्की कशाचा? शब्दाचा, की माणसाचा? ठरवता येत नाही.

७ मार्च
टॉफ्टविरुद्ध तक्रार! जनीनची — त्याच्याच हाताखाली कपांच्या कडांना सोनेरी रेघ ओढते, विशीचीही नसेल. एकच ओळ: ‘मिस्टर टॉफ्ट हाक मारतात त्याचा मला त्रास होतो. दुसऱ्या विभागात घ्या, नाहीतर मी नोकरी सोडते.’

मला आनंद झाला. होय, आनंदच. लाज वाटायला हवी.

मॅनेजर कोपस्टेक खो खो हसले. “बदका म्हणतो म्हणून? अहो मिस हीथ, मग अख्खं गाव कामावरून काढा!”

११ मार्च
चौकशी. कोपस्टेक, मी आणि युनियनचा एक जांभया देणारा माणूस; समोर जनीन आणि टॉफ्ट.

मी विचारलं, “तो बदका म्हणतो, त्याचा त्रास होतो ना?”

जनीन म्हणाली, “नाही हो. मला तो बदका म्हणतच नाही.”

सगळे हसले.

“बाकी सगळ्यांना म्हणतो. अंगणातल्या मांजरालासुद्धा. मला ‘जनीन’. मागे येऊन उभा राहतो, अगदी मानेशी, नि हळूच — ‘जनीन’.”

“म्हणजे नावाने हाक मारली, हा गुन्हा!” — कोपस्टेक.

टॉफ्ट हात जोडून बसलेला. “पोरीला मान दिला, साहेब. त्यातही चुकलंच म्हणा.”

तक्रार निकालात काढली. मी विरोध केला नाही. हसलेही असेन. आठवत नाही, असं लिहिणार होते — पण आठवतंय. हसले.

जाताना जनीनने माझ्याकडे पाहिलंही नाही.

१२ मार्च
झोप धड नाही. या गावात आपलं नाव कोण घेतं? चिडलेली आई. न्यायाधीश.

१४ मार्च
रेघवाल्या बायकांकडे गेले. मी शिरताच एकीने कप पुढे केला. “चहा घ्या, मॅडम.” विचारलं तर म्हणाल्या, “टॉफ्ट? गमत्या आहे हो.” सगळ्यांचे डोळे कपात.

एथेल मात्र कँटीनच्या मागच्या दाराशी मला गाठून म्हणाली, “फुला, मीही होते रेघवाल्यांच्या त्या बाकावर. वर्षभर मला नावाने हाक मारत होता. लग्न झालं, नवरा एकदा गेटवर येऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून मी परत बदक.”

“मग तू तेव्हा बोलली का नाहीस?”

“काय सांगू? की तो मला बदका म्हणत नाही?”

१७ मार्च
जनीनची बदली केली, माझ्या खिडकीसमोरच्या पॅकिंगमध्ये. कोपस्टेकना विचारलं नाही. खळखळ करतील, करू देत. टॉफ्टला बोलावून तोंडावर सांगितलं — “तिच्या आसपास दिसलात, तर बघा.”

तो हसला. “जशी तुमची मर्जी.” वाक्याच्या शेवटी ‘बदका’ नव्हतं. मला वाटलं, चला, जिंकले!

१८ मार्च
सकाळी गेटवर टॉफ्ट उभा, येणाऱ्या प्रत्येकाला हाक मारत. “काय बदका, सर्दी गेली का?” “चल बदका, उशीर झाला.” मी आत शिरले तशी पावलं मागून आली. अगदी मानेशी.

“रोझलिंड.”

कारखान्यात माझं हे नाव मी कुणालाही सांगितलेलं नाही.