मुखवटेवाल्या अण्णाची गोष्ट

आई, तो मुखवटेवाला अण्णा सिनेमात आला. तुझाच तो, पत्र्याचा मुखवटा आणि घोट्यापर्यंत कोट घालणारा. मागच्या शनिवारी दुपारी ऑफिसातले आम्ही सहा जण सर्जापूर रोडवरच्या एका मॉलमध्ये जाऊन तो बघून आलो. मी खरं तर जाणार नव्हतो. पन्नाशीला टेकलेल्या माणसानं पंचविशीतल्या पोरांबरोबर कॉमिकवरचा सिनेमा बघायला जावं हे काही शोभत नाही, असं तुझी सूनही म्हणाली. पण टीममधल्या एका मुलीनं फोनवर पोस्टर दाखवलं आणि मला तो मुखवटा ओळखू आला. कपाळावर पत्रा जोडल्याची तीच आडवी रेघ. तू तिच्यावरून बोट फिरवून म्हणायचीस, "हितं टाका नीट घातला नाही बघ कुणी." तुला जगात कुठंही आधी टाकाच दिसायचा.

आत शिरलो तर अर्धं थिएटर मुखवटे घालून बसलेलं. पुठ्ठ्याचे, प्लास्टिकचे, एकानं तर खरा पत्रा कापून आणला होता आणि तो कानाला लागत होता म्हणून खाली हातरुमाल कोंबला होता. उरलेलं अर्धं आईबापांनी भरलेलं. सुपरहिरो म्हटल्यावर मुलांचाच असणार असं धरून ही मंडळी पॉपकॉर्नच्या बादल्या घेऊन आलेली. पहिल्या दहा मिनिटांतच अण्णानं एका माणसाला जिन्यावरून खाली टाकलं, त्याचं डोकं फुटल्याचा आवाज सगळ्या भिंतींतून आला, आणि मुखवटेवाले उभे राहून शिट्ट्या मारायला लागले. आईबाप एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या पुढच्या रांगेत एक चिमुरडी बापाच्या मांडीवर बसली होती. "अप्पा, इवनु ओळ्ळेयवना?" तिनं विचारलं. हा चांगला आहे का? बाप म्हणाला, "स्वल्प सुम्निरु, पुट्टी." जरा गप्प बस. तिनं तीन-चारदा विचारलं आणि दर वेळी तिला गप्प बसवलं गेलं. शेवटी ती भोकाड पसरून रडायला लागली, तेव्हा तो तिला खांद्यावर टाकून बाहेर घेऊन गेला. मला फार वाटलं की उठावं आणि तिला सांगावं, चांगला आहे गं, नुसता दमलाय बिचारा. हे उत्तर मला तूच दिलं होतंस.

तुला ते कॉमिक साड्यांच्या गठ्ठ्यात मिळालं होतं, आठवतं? चिकपेटच्या दुकानातून तुझ्याकडे फॉल लावायला साड्या यायच्या. गठ्ठ्याच्या खालीवर रद्दीतले कागद घातलेले असायचे, ते तू कधी टाकायची नाहीस. काही शेगडीपाशी, काही डब्यांच्या तळाला. त्यातच एकदा हे निघालं, कव्हर फाटलेलं, पण आतली पानं शाबूत. दुपारची जेवणं झाली, भांडी पालथी घातली, की मशीनवर बसायच्या आधी तू मला हाक मारायचीस, "ये रे, स्वल्प बस. अण्णा आज काय करतोय बघू." तू कन्नड शाळेत सातवीपर्यंत गेलेली. मराठी आपली घरात बोलण्यापुरती, आणि इंग्लिशचं एक अक्षर तुला यायचं नाही. पण ते इंग्लिश कॉमिक तू वाचायचीस. बोट ओल्या फडक्याला पुसून चित्रातल्या बोलण्याच्या फुग्यावर ठेवायचीस आणि ओळीखालून सरकवत न्यायचीस. लहान फुग्याला लहान वाक्य, मोठ्या फुग्याला मोठं. फुगा संपला आणि वाक्य उरलं असं एकदाही झालं नाही. अक्षरं जाड असली की आवाज चढवायचीस, बारीक असली की माझ्या कानाशी येऊन बोलायचीस. आणि काल वाचलेलं आज बदलायचं नाही, हा तुझा नियम. मी सात-आठ वर्षांचा होतो, मला संशय कशाला येईल?

तुझ्या वाचण्यात अण्णा कुणालाच मारत नव्हता. माणसं जिन्यावरून पडायची ती त्यांच्या कर्मानं. अण्णा हात देत होता आणि हात निसटला. कोटावर लाल दिसतं ते काय, असं मी विचारलं तर तू म्हणालीस, "पान खाऊन कुणी थुंकलं असेल. ह्या ऊरात लोकांना अक्कल कुठाय? सगळं गाव तसलंच." शेवटच्या पानावर मात्र तू हसायची नाहीस. त्या पानावर एक म्हातारी दार उघडून उभी आहे, आणि अण्णा पायरीवर. तू वाचतेस, "'आलास का बाळा? हातपाय धू, भाकरी थंड होतीय.' तर हा म्हणतो, 'आई, माझे हात लई घाण झालेत गं. मी आत कसा येऊ?'" मी तिथं रोज रडायचो. तूही पदर डोळ्याला लावायचीस आणि मग त्याच पदरानं मशीनचं चाक पुसून कामाला लागायचीस.

आता पुढचं लिहायचं माझ्या जिवावर आलंय, पण त्याच्यासाठीच तर लिहायला बसलोय. मला इंग्लिश शाळेत घालून दोन वर्षं झाली होती. वर्गातले दोघं घरी आले होते, चांगल्या घरचे, पायात बूट. त्यांना मी ते कॉमिक दाखवत होतो आणि तू कौतुकानं जवळ येऊन बसलीस. नेहमीसारखं बोट पुसलंस आणि शेवटच्या पानावर ठेवून वाचायला लागलीस. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि फिसकन हसले. मी लाजेनं लालेलाल झालो. म्हणालो, "तुला इंग्लिश येत नाही. तू खोटं वाचतेस. रोज खोटं वाचतेस." तू बोट उचललंस. "सरी, बरं," म्हणालीस, "मग तू वाच." आणि मी वाचलं. छाती काढून, एकेका शब्दावर बोट ठेवत. ही म्हातारी त्याची आई-बिई कुणी नाही, ती चोर आहे, आणि अण्णा तिला म्हणतोय, आता मी तुला ठार मारणार. तू मान हलवत शेवटपर्यंत ऐकलंस. मग म्हणालीस, "असं होय? मला वाटलं, त्याची आईच असेल." आणि उठून आमच्यासाठी चहा टाकलास.

त्यानंतर तू मला काही वाचून दाखवलं नाहीस. ते कॉमिकच काय, कन्नड पेपरसुद्धा माझ्यासमोर मोठ्यानं वाचायचं सोडून दिलंस. बसची पाटी, औषधाची बाटली, लग्नाची पत्रिका, जे हातात येईल ते माझ्यापुढे धरायचीस. "तू वाच बाबा. मला कुठं येतं?" त्यात टोमणा असता तर मी भांडलो तरी असतो. टोमणा नव्हता, तू खरंच मानलं होतंस. सगळी गल्ली तुझ्याकडून कन्नड अर्ज लिहून न्यायची, आणि घरात माझ्यासमोर तू अडाणी होऊन बसलीस.

तुझ्या शेवटच्या आजारपणातली ती दुपार मला अजून पाठ आहे. येलहंक्याच्या घरापासून जवळच्या दवाखान्यात तू खिडकीजवळच्या खाटेवर बसलेली, समोर मोसंबीच्या फोडी, एकही खाल्लेली नाही. मी स्कॅनचा रिपोर्ट घेऊन आलो. तू विचारतेस, "काय लिहिलंय रे?" मी म्हणतो, "काही नाही गं, आतून सूज आहे. गोळ्यांनी जाईल." तू कागद माझ्या हातातून घेतेस. बोट पुसतेस, किती वर्षांनी, आणि खालच्या मोठ्या परिच्छेदावरून हळूहळू सरकवत नेतेस. "एवढं मोठं लिहिलंय," तू म्हणतेस, "आणि तू एवढंसंच वाचलंस?" तू कागदाची नीट घडी घातलीस, उशीखाली ठेवलीस आणि म्हणालीस, "सरी. असू दे." तीन आठवड्यांत तू गेलीस. तुझ्याकडून मी तेवढं तरी शिकायला हवं होतं, आई. ओळ संपेपर्यंत बोलत राहायचं. एवढ्या मोठ्या परिच्छेदात मी तुला किती काय काय वाचून दाखवू शकलो असतो.

तर सिनेमा. अडीच तास अण्णा माणसं मारत होता, आणि अडीच तास सगळ्यांना वाटत होतं की त्याच्या मारायच्या यादीतलं शेवटचं नाव त्या म्हातारीचं आहे. तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला तेव्हा मुखवटेवाली पोरं ओरडत होती, "हाक! हाक!" म्हणजे घाल, मार तिला. दार उघडलं. त्यानं मुखवटा काढला. जळलेला चेहरा, आणि म्हातारीनं त्याला आपल्या मुलाच्या नावानं हाक मारली. काय सांगू तुला, पाचशे माणसांनी एकदम श्वास आत घेतलेला ऐकू आला. एक बाई "अय्यो देवरे" म्हणाली. "हाक हाक" करणारी पोरं गारठलीच. त्यातला पत्र्याच्या मुखवट्याचा मुलगा मुखवटा मांडीवर ठेवून, आतला हातरुमाल काढून डोळे पुसत होता. मागं कुणीतरी हसलं, तर चार जणांनी वळून त्याला झापलं. मग म्हातारीनं त्याच्या हातांकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. ते तुला आवडलं नसतं. तू दार कधी लावू दिलं नसतंस.

बाहेर आल्यावर कॉफी घेताना जुंपली. एक म्हणाला, फसवलं आपल्याला. मारामारी बघायला आलो आणि शेवटी आईच्या दारात रडारड. दुसरा म्हणाला, असा सिनेमा दहा वर्षांत झाला नाही. पुण्याहून आलेली मुलगी, पोस्टर दाखवणारी, नाक पुसत माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही अजिबात रिअ‍ॅक्टच नाही झालात! अख्खं थिएटर शॉकमध्ये आणि तुम्ही एकदम नॉर्मल. तुम्हाला ट्विस्ट माहीत होता का?" मी हो म्हणालो. "कसा काय?" सगळे माझ्याकडे बघत होते. तुझं नाव सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. इंग्लिश न येणाऱ्या माझ्या आईनं नुसत्या चित्रावरून ओळखलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "लहानपणी ओरिजिनल कॉमिक वाचलंय मी." पोरांनी भुवया उंचावल्या. एकानं माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी ती घेतली.

हे मी मराठीत लिहितोय. नोकरीसाठी पुण्यात सात वर्षं काढली, तिथं मला आपली भाषा लिहिता यायला लागली. तुला ती वाचता यायची नाही, कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागली असती, आणि ते काम घरात माझंच होतं. म्हणजे तू असतीस तरी मीच तुझ्यासमोर बसून हे वाचलं असतं, आणि मी माझ्या वाचण्यावर आता विश्वास ठेवत नाही. एक ओळ मी नक्की गाळली असती. म्हणून ती इथं लिहून ठेवतो आणि कागद मिटतो. त्या दिवशी, त्या दोघांसमोर, मलाही ते वाचता आलं नव्हतं, आई. अक्षरं वाकडीतिकडी होती, शब्द लांब होते, मी सगळं मनानं रचलं. त्या फुग्यातला एकच शब्द मला ओळखू आला होता. मदर. तेवढा मी वाचला नाही.