दोन भट्ट्यांची वाटणी

मी, प्रज्ञा राजरत्न भालेराव, वय त्रेपन्न, धंदा घरगुती केक व नानकटाई, राहणार येडगाव, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र हाताने लिहीत आहे, याबद्दल वाचणाऱ्याने मला माफ करावे. नारायणगावात टाइप करून घ्यायचे ठरले होते. सकाळी जीपमध्ये अंग चोरून बसत तिथवर गेले, तर टायपिंगवाला दुकानाच्या पायरीवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होता. म्हणाला, "लाइट न्हाई काकू. कवा येईल त्येचा नेम न्हाई." म्हणजे ज्या विजेने माझे जगणे नासवले, तिने मरणाचा कागदही धड होऊ दिला नाही. आल्या जीपने परत आले. पेन गळते आहे. कागदावरचे डाग शाईचे आहेत, डोळ्यांतले समजू नयेत.

माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप तेवढी नीट मिटत नाही, ती बदलायला येत्या गुरुवारी पुण्याला जायचे आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. लाइट कधी येणार असे विचारले की वीजवालेही हेच म्हणतात, म्हणून लिहून ठेवलेले बरे. हा कागद मी कोणाच्या दबावाखाली करत नाही. आमच्याकडे दाब असतो तो विजेचाच, आणि धरणावरच्या मोटारी सुरू झाल्या की तोही बसतो.

कलम १. माणसे. पती राजरत्न, वीजखात्यातून निवृत्त झालेले वायरमन. मुलगा संघर्ष, नारायणगावच्या टोमॅटो बाजारात एका व्यापाऱ्याकडे नोकरीला. सून संस्कृती, माहेर घोडेगाव. राहते घर सासऱ्यांनी बांधलेले आहे, त्यावर माझा हक्क नाही आणि त्याच्या गळणाऱ्या कौलांवर मला तो नकोही आहे. माझे स्वतःचे ते असे: घरामागची पत्र्याची खोली (ग्रामपंचायतीच्या नमुना आठला माझे एकटीचे नाव आहे), गॅसची भट्टी, केकचे साचे, स्कूटर आणि बँकेतली शिल्लक. खोलीत विजेचीही एक भट्टी आहे. ती संस्कृतीने ब्लाउज शिवून साठवलेल्या पैशांतून घेतली. ती माझी नाही, म्हणून कोणाला देता येत नाही. तिच्याबद्दल बोलता मात्र येते.

हा सगळा खटाटोप त्या खोलीसाठी आहे. संघर्षने ती जूनपासून एका क्रेटवाल्याला भाड्याने द्यायचे परस्पर ठरवले आहे. मी पुण्याहून परत आले नाही, तर माझ्या पुण्यानुमोदनाला जमलेल्या माणसांना टोमॅटोच्या क्रेटवर बसावे लागेल.

कलम २. गॅसची भट्टी. ओझरला देवळाच्या वाटेवरचे एक हॉटेल बंद पडले, तिथून ही आणली. हिच्यावरचा उष्णतेचा काटा आणली तेव्हापासून एकाच जागी झोपलेला आहे. त्यामुळे मी बशीत चिमूटभर मैदा आत ठेवते आणि त्रिशरण म्हणते. तिसऱ्यांदा 'संघं सरणं गच्छामि' होताना मैदा बदामी झाला की भट्टी तयार. आधीच काळा पडला तर ज्योत कमी. हिला लाइट लागत नाही, फक्त सिलिंडर लागतो, आणि तो ऑर्डर मोठी असली की बरोबर त्याच दिवशी संपतो. आग खालून लागते, म्हणून केकचे बूड आधी होते आणि तोंड उशिरा. साचा मधेच फिरवावा लागतो. माझ्या कोपरावरचे चट्टे त्याचेच आहेत.

संस्कृती या भट्टीला नावे ठेवते. "आई, गॅसच्या धगीत ओल असती. म्हणून तुमची नानकटाई दुसऱ्या दिवशी मऊ पडती."

"आणि तुझ्या पेटीचं लाइट गेल्यावर काय करायचं? कपडे ठेवायचे?"

असे आमचे रोज चाले. यात तिचा मुद्दा खरा आहे. माझाही खरा आहे.

ही भट्टी मी राजरत्न यांना देते. कारण हिच्यात एकही वायर नाही.

कलम ३. वायरीबद्दल. विजेच्या भट्टीच्या पाठीला आतून एक पंखा असतो. तो गरम वारा चहूकडे फिरवतो, म्हणून केक सगळीकडून सारखा होतो, थोड्या कमी आचेवर होतो, आणि साचा फिरवावा लागत नाही. असे संस्कृतीने भट्टी आल्या दिवशी आम्हाला समजावून सांगितले होते. पहिले काही केक तसे निघालेही. मग वाकडे निघू लागले. एक अंग काळे, दुसरे कच्चे. तिने आच कमी केली, जास्त केली, साचा वर ठेवला, खाली ठेवला. मी माझ्या स्वभावाप्रमाणे बोलत राहिले.

मग एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या केकची ऑर्डर आली. विहारात कापायचा, सगळ्या गावासमोर. माझा दम तेव्हाच उखडू लागला होता, म्हणून तो तिनेच केला. निळ्या क्रीमखाली जेवढे झाकता येईल तेवढे तिने झाकले, पण उतार काही लपला नाही. समितीचे भिमाजीभाऊ मोठ्याने म्हणाले, "वैनी, केक एका अंगाला कलला की वो. वारं सुटलं व्हतं का काय?" सगळे हसले. संस्कृती हसली नाही. घरी आल्यावर तिने भट्टीवर चादर टाकली आणि शिलाई मशीन पुढे ओढले.

त्याच आठवड्यात संघर्ष म्हणाला, "आई, ती खोली निस्ती अडकून पडलीय. तुझी भट्टी आता तुझ्याच्यानं हाकवंना, हिच्या भट्टीत केक वाकडा व्हतोय. क्रेटवाला मागं लागलाय."

"मग हिनं काय करायचं?"

"घरात कामं कमी हायती का?"

हे वाक्य मी विसरलेले नाही. विसरू नये म्हणून इथे उतरवून ठेवते आहे.

परवा संस्कृतीने ती भट्टी विकायला काढली. घेणाऱ्याला दाखवायची म्हणून पुसायला मागचा पत्रा खोलला. आत पंख्याची वायर सोडवलेली, दोन्ही टोकांना काळी टेप मारलेली, आणि टेपचे शेवटचे टोक दुमडलेले. आता, टेप पुन्हा सोडवायची झाली तर नखात धरता यावी म्हणून टोक दुमडून ठेवणारा माणूस या पंचक्रोशीत एकच आहे. आमच्या घरातला प्रत्येक बोर्ड उघडून पाहावा, प्रत्येक टेपला तशीच घडी आहे. ती पत्रा आणि सोडवलेली टेप हातात घेऊन ओसरीवर आली आणि एवढेच म्हणाली, "पप्पा, ही घडी तुमची ना?"

राजरत्न यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आगं, भट्टी तापवायची का तिला वारा घालायचा? व्होल्टेज आधीच कमी. निस्तं लोड खात व्हतं त्ये. मी म्हनलं, पोरीचं बिल वाचंल."

मी ओरडले नाही, दम नाही तेवढा. मी एवढेच म्हणाले, "मग गुरुवारी पुण्याला तरी कशाला जायचं? माझी झडपपण लोड खात आसंल. तुमीच टेप मारून द्या."

सबब, माझ्या पश्चात आणि माझ्या हयातीतही, स्वयंपाकाच्या कोणत्याही यंत्राचे झाकण उघडण्याचा अधिकार राजरत्न यांना राहणार नाही. त्यांचा हेतू चांगला होता, हे मी लिहून देते. वायर सोडवताना तो नेहमीच चांगला असतो.

कलम ४. साचे. लहान सगळे संस्कृतीला. मोठा गोल साचा तूर्त माझ्याच मालकीचा राहील. त्याचे कारण असे, की जयंतीनंतर शेजारच्या वैजयंतीसमोर मी संस्कृतीला म्हणाले होते, "तुझ्या पेटीतनं केक सरळ निघाला, तर माझा मोठा साचा तुला." बोलले ते बोलले. पण निघाल्याशिवाय नाही. सवलत मी कोणाला देत नाही, सुनेला तर नाहीच.

कलम ५. खोली. पत्र्याची खोली, तिच्या चार भिंती, खिडकी, नळ आणि बाहेर लावलेल्या पाटीसकट, मी सून संस्कृती संघर्ष भालेराव हिला देते. तिला एकटीला. 'संस्कृती व संघर्ष' असे कोणी वाचू नये, मधला शब्द फक्त नवऱ्याच्या नावाचा आहे. खोली द्यायची, विकायची, की तिथे तीन भट्ट्या मांडायच्या, हे तीच ठरवेल. क्रेट ठेवायचेच असतील तर संघर्षने ते स्वतःच्या पलंगाखाली ठेवावेत.

कलम ६. बँकेतल्या शिलकीतून खोलीला वेगळे मीटर, जाड वायर आणि धड अर्थिंग करून घ्यावे. काम बाहेरच्या वायरमनला द्यावे. उरेल ते राजरत्न यांच्या औषधपाण्याला.

कलम ७. स्कूटर संघर्षला. अट अशी की संस्कृतीचे केक त्याने पोहोचवावेत, आणि खड्ड्यात हळू घ्यावी. केक वाकडा पोहोचला तर या घरात आता दोष कोणाकडे जाईल, हे त्याने ध्यानात ठेवावे.

इथवर लिहिले आणि लाइट आली. आता टाइप करायला जाता येईल, पण मी जाणार नाही. संस्कृतीने काल वायर जोडली होती, ती उठून खोलीत गेली. भट्टीचा पंखा घुमू लागला तो मला ओसरीवर ऐकू येतो आहे. राजरत्नही ऐकत आहेत, आणि पेपर वाचत असल्यासारखे दाखवत आहेत.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले, साक्षीदारांना वाचून दाखवले. ते दोन ठिकाणी हसले, तरी मजकूर बदललेला नाही. त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी. ज्याला मिळायचे त्याने साक्ष देऊ नये म्हणतात, म्हणून संस्कृतीला आत चहा ठेवायला पाठवले होते. ती चहाबरोबर केकही घेऊन आली. भिमाजीभाऊंनी ताटली डोळ्यांसमोर धरली, या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली. "आज वारं पडलं व्हय, वैनी?"

मी म्हणाले, "न्हाई भाऊ. आज सुटलंय."

साक्षीदार:
१. भिमाजी लक्ष्मण खरात, येडगाव. (सही)
२. वैजयंती सुभाष डोके, येडगाव. (सही)

लिहून ठेवणार: प्रज्ञा राजरत्न भालेराव (सही)

स्थळ: येडगाव. दिनांक: १० मे २०२५.

खाडाखोडीबाबत: कलम ४ मधील 'मोठा गोल साचा तूर्त माझ्याच मालकीचा राहील' हे शब्द सही केल्यावर मी स्वतः खोडले आहेत, साक्षीदारांना माहीत आहे. तो साचा माझ्या मालमत्तेत धरू नये. सगळे अंगणात केक खात असताना मी तो राखेने घासला, पुसला आणि तिच्या फळीवर पालथा घालून आले. प्र. रा. भा.