दीना मॅडमच्या गाडीची बॅटरी

पप्पा,

वक्तृत्व स्पर्धेला मी एसटीनं राहुरीला गेलेय. डबा घेतलाय, काळजी करू नका. तुमच्यासोबत आपल्या गाडीतून जायचं मन झालं नाही.

सकाळी वायपरचं पाणी भरायला बॉनेट उघडलं. आतल्या बॅटरीवर पांढऱ्या रंगानं दीना मॅडमच्या गाडीचा नंबर आहे, तुमच्याच अक्षरात. हीच बॅटरी गेली असं सांगून तुम्ही तुमच्या सर्व्हिस सेंटरला त्यांना नवी घ्यायला लावली ना? आपली गाडी तर तिच्यावर एका चावीत सुरू होते.

"तुझे पप्पा तिथं आहेत, म्हणून मी डोळे झाकून गाडी सोडते," असं मॅडम परवाच म्हणाल्या. मी ऐटीत मान डोलावली.

मी त्यांना काही सांगणार नाही. ते तुम्हीच आज सांगा. भाषण त्यांनीच बसवून घेतलंय. बक्षीस मिळालं तर उद्या मला त्यांच्याकडे बघून हसता आलं पाहिजे.

ज्ञानू