निंबावरचा बल्ब

प्रिय माय,

पत्र पाहून घाबरू नको, अमरावतीत आम्ही सगळे मजेत आहोत. फोनवर तुझ्याशी बोलणंच होत नाही म्हणून लिहितेय. तिकडे आपला अमोल स्पीकर चालू करून मध्ये बसतो आणि तू आपली 'हो बरं, तुमी म्हणान तसं' म्हणून मोकळी होतेस. ते ऐकून माझं डोकंच फिरतं बाप्पा!

तेल्हाऱ्याचं आपलं नवं घर माझ्या कॉम्प्युटरात उभं राहिलंय. भिंती झाल्या, दारं झाली, आता दिवे लावून राहिली. तुला वाटेल त्यात काय एवढं, पण या प्रोग्राममध्ये दिव्याला आधी छत दाखवावं लागतं. मी ऑफिसात नवीन होते तेव्हा छत न काढताच एका दवाखान्याचे दिवे ठेवले, तर सगळे फरशीवर फतकल मारून बसले. आमचे केशवराव सर हसून हसून बेजार झाले होते.

तुझ्या स्वयंपाकघरात दिवा कुठे लावायचा ते मात्र मी कुणालाच विचारलं नाही. जुना बल्ब तुझ्या पाठीमागे होता. तव्यावर तुझीच सावली पडायची आणि तू मान वाकडी करून भाकर भाजायचीस. बल्ब पुढे घ्या, असं कधी म्हणाली नाहीस. काहून म्हणाली नाहीस गं? आता दिवा ओट्याच्या बरोबर वर आहे, उजेड तुझ्या हातांवर पडेल. तो लावताना मला रडूच आलं.

मग आलं अंगण. अमोलला त्यावर स्लॅब टाकून हॉल करायचाय, म्हणजे निंब तोडावा लागेल. त्याचंही चुकत नाही, त्याचा शिवम मोठा झाला, पोराला जागा पाहिजे. मी तसं काढलं, दिवे झटक्यात छताला चिकटले. सहज म्हणून स्लॅब काढून पाहिला, तर त्याच्यासोबत सगळे दिवेही गेले. नुसतं रिकामं अंगण समोर आलं आणि मला निंबावरचा बल्ब आठवला.

बाबांनी फांदीवरून वायर आणली होती, पण बटन काही बसवलं नाही. दिवेलागणीला तू हात वर करून, पदरानं धरून बल्ब पिरगळायचीस की अंगणभर उजेड. शेजारच्या रहिमाबी सूप घेऊन यायच्या, तुम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसायचात. वारा सुटला की बल्ब हले, सगळ्यांच्या सावल्या भिंतीवर पळत, अमोल भोकाड पसरे आणि तू डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचीस. माय, तसं हसताना मी तुला घरात कधी पाहिलं नाही. बाबा गेल्यावर तर अंगणातही नाही.

मग मी छताशिवाय टांगता येईल असा दिवा शोधला. त्याची उंची आपणच सांगावी लागते. किती सांगू? डोळे मिटले, तुझा वर गेलेला हात आठवला आणि तेवढीच दिली. अगदी जागेवर बसला बघ.

आता दोन नकाशे तयार आहेत. एकात हॉल आहे. दुसऱ्यात अंगण आहे, निंब आहे आणि शिवमची खोली वरच्या मजल्यावर आहे. अमोलला मी दुसऱ्याचं सांगितलंय, तो म्हणतो मायचं काहीच म्हणणं नाही. रविवारी तो नकाशा न्यायला येतोय, मग लगेच झाड तोडणारे येतील. तुला हॉल आवडत असला तर तोच देईन, तुझी शपथ. पण तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय एकही नकाशा देणार नाही. रविवारच्या आत रहिमाबींच्या फोनवरून लाव. 'तुमी म्हणान तसं' म्हणालीस तर मी फोन ठेवून देईन. आम्हाला वाढवताना तू स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस. आता एकदा तरी म्हण माय, 'मले हे पायजे.'

तुझ्या फोनची वाट पाहणारी,
तुझीच
आचल