फाळ लागलेलं देवधान

१४ जून २०२५, सानगडी

आईने देवधानाचा डबा माझ्यासमोर उपडा केला. चार दाणे आणि एक मेलेला किडा!

"हे पाय. पंचमीले काय खाऊ मी? तुयी कमळं?"

मी हसले. ती नाही हसली.

तलावावर माझ्याबरोबर काम करणाऱ्या बायकांच्या गटातल्या उषाबाईने परवाच पिशवीभर देवधान आणून दिलंय, आपल्याच तलावातलं. आई त्याला हात लावत नाही. कारण मी. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, तलाव सुधारायच्या कामात, कोरड्या तलावात मी ट्रॅक्टर घातला, गाळ खोल नांगरला, बेशरमाच्या तणाची मुळं उपटून काढली आणि पावसाळ्यात पाण्यातल्या मूळच्या वनस्पती लावल्या. मासे परतले, पक्षी परतले. देवधानही पुन्हा उगवलं — उलट जास्त दाट! पण ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं, नांगरल्या जमिनीतलं काही चालत नाही. तलावात आपसूक उगवणारा हा रानभात, कोणी पेरत नाही, कोणी नांगरत नाही, म्हणून तो देवाचा. आता तो माझा झाला. म्हणून बाद.

१७ जून

पुन्हा तोच वाद. भाकरी थापता थापता.

"ट्रॅक्टर आहे आई तो, बैल नाही."

"फाळ तं फिरला ना?"

"डिझेलच्या कष्टाचं आहे ते. व्रतात डिझेल कुठे लिहिलंय?"

"लय शिकली तू!"

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, उपास नाही. साखर कधी वर, कधी एकदम खाली. रोज सकाळी इन्सुलिनची सुई मी देते आणि ताट समोर ठेवूनच बाजूला होते. पण आईचं पंचमीचं व्रत, पाळीतल्या विटाळाचं पाप फेडायचं, सात वर्षांचं, यंदा शेवटचं. मग उजवणार. "एकच डाव राह्यला, होऊ दे." आणि देवधान नाहीच मिळालं तर? "मंग निरंकार उपास." अगदी सहज म्हणाली. उद्या पाऊस येईल म्हणावं तसं.

२९ जून

तलावात लावणी सुरू झाली. हे दिवस मला बरे वाटतात. चिखलाचा गोळा करायचा, त्यात चौरा या पाणवनस्पतीचं मूळ दाबायचं, पाण्यात उतरून पायाच्या अंगठ्याने गोळा गाळात रोवायचा. पुण्याच्या कॉलेजात लँडस्केप शिकले, तिथे कोणी अंगठा शिकवला नाही. इथे परतून सात वर्षं बायकांबरोबर करून करून जमला.

उषाबाई पुढे, गटातल्या बाकीच्या मागे, पाणी छातीपर्यंत. भावनाची बडबड चालूच — "सासू म्हनते, घरी वांगे लावाले वेळ नाई आन् तलावात फुलं लावाले जातेस!" उषाबाई म्हणाली, "तिले सांग, वांग्यावर मासोळी येत नाई." सगळ्या इतक्या हसल्या की दोघी-तिघींचे गोळे हातातच विरघळले.

घरी आले. आई दारात बसलेली. माझ्या ओल्या कपड्यांकडे बघत राहिली. मग आत जाऊन पाणी तापवलं.

११ जुलै

चार दिवस तलाव शोधत फिरले. साकोली, लाखनी, रस्त्यापासून आत, पार जंगलाच्या कडेपर्यंत. मला नांगर न लागलेलं देवधान हवंय, बस!

नाही. एका तलावाला चारी बाजूंनी सिमेंट आणि मध्ये कारंजं. एक कोरडा. बाकी जिथे मी गेले नव्हते तिथे बेशरम, देवधानाला जागाच नाही. आणि जिथे मी गेले होते तिथे फाळ. तलाव सुधारणेच्या आराखड्यात माझ्याच हातचं वाक्य आहे: आधी खोल नांगरट. ते वाक्य मी किती अभिमानाने लिहिलं होतं!

एका गावात म्हातारी म्हणाली, "देवधान? हाय ना, हंडाभर देतो." मी विचारलं, तलाव नांगरला होता का? "हो, ते एक मॅडम आली होती ना." तिने मला ओळखलं नाही.

१२ जुलै

आईचे पाय सुजलेत.

२२ ऑगस्ट, पोळा

आईच जिंकली! संध्याकाळी दारावरून पोळा गेला. बैल थोडे, ट्रॅक्टर जास्त. गावातल्या अमरने त्याचा ट्रॅक्टर आमच्या दारात थांबवला. हाच ट्रॅक्टर मी तलावात घातला होता. बोनेटला झेंडूचा हार, दिव्यांना बेगड, समोर गोंडे. आईने आरतीचं ताट आणलं, चाकाला कुंकू लावलं, बोनेटवर पुरणपोळी ठेवली. मग माझ्याकडे वळून —

"पूजा बैलाची, निवद बैलाचा. मंग बैल नाई तं काय हाय थो?"

अमर खो खो हसला. "मायनं केस जितली!"

 

२५ ऑगस्ट

आज खोटं बोलले.

उषाबाईने दिलेलंच देवधान नव्या फडक्यात बांधलं आणि आईपुढे ठेवलं. म्हटलं, जंगलाच्या आतल्या तलावातलं आहे, तिकडे वाटच नाही, ट्रॅक्टर जाऊच शकत नाही.

"तू सोता आनलं?"

"हो."

तिने मूठ भरून नाकाशी धरली. मग कपाळाला लावली. "लय हिंडली असशील बाई."

लाज वाटायला हवी होती. मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं. जेवेल. एवढंच.

२७ ऑगस्ट

गावात गणपती बसले. उद्या पंचमीच्या दातवणासाठी रोपवाटिकेतून आघाड्याच्या काड्या आणून दिल्या. आईने जुडी बांधली. खुशीत आहे. उजवणाला कोणाकोणाला बोलवायचं ते सांगत होती.

२८ ऑगस्ट

आई भंडाऱ्याच्या दवाखान्यात. शुद्ध नाही. लिहवत नाही.

३० ऑगस्ट, दवाखाना

लिहिते. नाहीतर डोक्यात तेच फिरतंय.

पंचमीला सकाळी आईची आंघोळ-पूजा झाली. भात चुलीवर, शिजत आलेला. मी सुई दिली. तेवढ्यात भावनाचा फोन — तलावाचं तुडूम, पाणी सोडायचं दार, फुटलंय, पाणी जोरात बाहेर चाललंय, रोपंही वाहून चालली! मी चप्पल घालता घालता म्हटलं, "लगेच वाढून घे हं." आई म्हणाली, "हो, जाय."

मी गेले. रोपं वाचवायला.

नंतर उषाबाई वाण द्यायला घरी आली. मी तिला काही सांगून ठेवलंच नव्हतं! तिने भात बघितला आणि कौतुकाने म्हणाली, "ताराबाई, आमच्या तलावाचं देवधान कसं मऊ शिजते ना?" उषाबाई सांगते, आईने पातेलं उचललं आणि गाईपुढे ठेवलं. उषाबाईला वाटलं, जेवण झालं असेल, उरलेलं घालते आहे.

मी परतले तेव्हा आई पूजेच्या पाटाशी आडवी. घामाने थबथबलेली, गार. साखर बोटाने तोंडात चोळली. गिळत नव्हती. अमरच्या गाडीतून निघालो, लाखनीला ट्रकांची रांग. हॉर्न वाजवून वाजवून अमर रडायला लागला.

डॉक्टर तरुण आहेत. चिडून म्हणाले, "सुई दिल्यावर जेवण का नाही दिलं? कोणी दिली सुई?"

मी दिली.

३१ ऑगस्ट

आई गेली.

३ सप्टेंबर

कारध्याला वैनगंगेत अस्थी सोडल्या. काठावर माती खचलेली, बेशरम माजलेलं. गुरुजी मंत्र म्हणत होते आणि माझं मन — इथे वाळा लावता येईल, वर करंज, माती धरून राहील. आईची हाडं हातात, आणि मी काठ सजवत होते!

असलं कसलं माझं मन.

७ सप्टेंबर

लाखनीहून तलाव मंजूर करणाऱ्या साहेबांचा फोन. पुढच्या उन्हाळ्यासाठी आणखी तलाव मंजूर. "मॅडम, आराखडा मागचाच ठेवू ना? नांगरटीसकट?" आधी अभिनंदन, मग आईबद्दल ऐकून म्हणाले, सावकाश सांगा.

बघते म्हटलं.

१० सप्टेंबर

आईच्या फडक्यात मूठभर देवधान राहिलंय. शिजवलं. घास तोंडापर्यंत नेला. नाही खाववलं.

१३ सप्टेंबर

तेरवी काल झाली. आज तलावावर गेले, घरात बसवेना. वाहून गेलेल्या जागी पुन्हा लावायचं होतं. उषाबाई माझ्याबरोबर पाण्यात उतरली. चार-पाच गोळे रोवले. मग ती म्हणाली, "त्या दिवशी मी बोललीच नसती तं..."

"तुम्ही खरं तेच बोललात. खोटं मी बोलले." आणि मग मला एकदम राग आला. उषाबाईवर नाही, आईवर. म्हटलं, "एवढं कसलं पाप केलं होतं माझ्या आईने? जीव गेला पण उपास सुटला नाही!"

उषाबाई हातातला गोळा घेऊन तशीच उभी राहिली.

"मेघाताई, तिचा उपास तं तुमी पुण्याले होत्या तवाच उजवला. मी जेवली ना त्या पंगतीत. हा तुमी परत आल्यावर धरला, तुमच्या नावचा होता. म्हने, पोरगी पाळीच्या दिवसातबी तलावात उतरते, मानत नाई. तिचं मीच फेडते."

मी कमरेपर्यंत पाण्यात. आजही त्याच दिवसांत.